पीजी, होस्टेल किंवा सर्व्हिस अपार्टमेंटने जादा पैसे घेतले? ग्राहक आयोगातून ते परत मिळवण्याची रीत

मुक्काम संपवून डिपॉझिट मागायला गेलं की मालक एक कागद पुढे सरकवतो. रंगकाम, साफसफाई, ‘मेंटेनन्स’, विजेचा फरक असं त्यावर काय काय लिहिलेलं असतं आणि बत्तीस हजारांतले अठरा हजार हातावर टेकवले जातात. गाडी पकडायची असते, नव्या नोकरीवर हजर व्हायचं असतं, म्हणून बहुतेक जण सही करून निघतात. हे पैसे परत मिळू शकतात. त्यासाठी वकील लागतोच असं नाही आणि बहुतेक प्रकरणांत ग्राहक आयोगाची, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या यंत्रणेची, फी शून्य असते. लोक हरतात ते बऱ्याचदा एकाच कारणाने: तक्रारीत मनस्तापाची सहा पानं असतात आणि हिशेबाची एक ओळ. आयोगाला आधी आकडा लागतो. काय ठरलं होतं, काय घेतलं, फरक किती आणि तो कोणत्या कागदावरून दिसतो, एवढं एका पानावर बसलं की अर्धं काम झालं.

हे ग्राहक आयोगाचं प्रकरण आहे का

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतच, कलम २(४२) मध्ये, राहण्याची किंवा जेवणाची किंवा दोन्हींची सोय येते. पीजी, खासगी होस्टेल, लॉज, हॉटेल, सर्व्हिस अपार्टमेंट, वृद्धांसाठीचं सशुल्क निवास हे सगळं त्यात बसतं. कलम २(६) मध्ये तक्रारीची जी कारणं दिली आहेत त्यांत एक नेमकं तुमच्यासाठीच आहे: दोन्ही बाजूंत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त किंमत आकारणं. हेच कलम तक्रारीचा कणा करा.

निव्वळ फ्लॅट भाड्याने घेतला असेल, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स करार, चावी तुमच्याकडे, झाडलोट-जेवण-वायफाय काही नाही, तर गोष्ट वेगळी. नुसती जागा वापरायला देणं ही ‘सेवा’ नाही असं म्हणून आयोग अशी तक्रार दारातूनच परत पाठवू शकतो. तिथे दिवाणी दाव्याची वाट धरावी लागते आणि पैशांच्या वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. महाराष्ट्रात अशा करारांबाबत एक गोष्ट भाडेकरूच्या बाजूची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी केली नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते खरं धरलं जातं. खोटं असेल तर ते मालकाने सिद्ध करायचं.

मधली प्रकरणंच जास्त असतात. करारावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ छापलेलं असतं, पण प्रत्यक्षात एका खोलीत तीन खाटा, रोजचा डबा, सफाई, रात्री दहानंतर गेट बंद. इथे कागदाच्या नावापेक्षा प्रत्यक्षात कोणत्या सोयी मिळत होत्या ते महत्त्वाचं ठरतं. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात त्या सोयी मोजून लिहा: जेवण दिवसातून किती वेळा, सफाई कधी, वायफाय, गीझर, सुरक्षारक्षक. पीजीची जाहिरात किंवा व्यवस्थापकाने पाठवलेलं माहितीपत्रक इथे करारापेक्षा जास्त कामी येतं.

कॉलेजच्या स्वतःच्या वसतिगृहाबद्दल वाद असेल, तर ‘शिक्षण ही ग्राहक कायद्याखालची सेवा नाही’ हा आक्षेप पहिल्याच तारखेला येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्या वर लोकपाल असायला हवा. आधी तिथे जाणं सोपं पडतं.

हिशेबाचं पान

एक पूर्ण उदाहरण घेऊ. पीजीत सात महिने राहणं झालं. ठरलं होतं ते असं: दरमहा १६,००० रुपये, त्यात जेवण आणि वायफाय, डिपॉझिट ३२,०००, वीज प्रत्यक्ष बिलाप्रमाणे, सोडताना १५ दिवसांची पूर्वसूचना. तिसऱ्या महिन्यापासून मालकाने १७,५०० घ्यायला सुरुवात केली. वर ५ टक्के ‘जीएसटी’ लावला, विजेचे युनिटला १६ रुपये घेतले आणि शेवटी डिपॉझिटमधून १४,००० कापले. ८,००० पूर्वसूचना न दिल्याचे, ६,००० रंगकामाचे.

भाड्याचा फरक: १,५०० गुणिले ५ महिने, म्हणजे ७,५००. हा आकडा कोणी नाकारू शकत नाही, कारण एका बाजूला करार आणि दुसऱ्या बाजूला यूपीआयची नोंद असते.

जीएसटी: इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. लोक १६,००० च्या ५ टक्क्यांनी ८०० काढतात आणि सातने गुणून ५,६०० लिहितात. पण मालकाने कर वाढीव भाड्यावर घेतलेला असतो. पहिले दोन महिने ८०० प्रमाणे १,६००, पुढचे पाच महिने ८७५ प्रमाणे ४,३७५, एकूण ५,९७५. पावतीवरचा आकडाच घ्यायचा, स्वतः टक्केवारी काढत बसायचं नाही. आता हा कर लागतच होता का? १५ जुलै २०२४ पासून नियम असा आहे की माणशी दरमहा २०,००० रुपयांपर्यंतची निवाससेवा सलग किमान ९० दिवसांसाठी दिली असेल, तर तिला जीएसटी माफ आहे. उदाहरणातला मुक्काम दोन्ही अटींत बसतो, त्यामुळे पूर्ण ५,९७५ परत मागता येतात. मुक्काम ८० दिवसांचाच असेल तर ही माफी मिळत नाही. ‘दीर्घ मुक्काम’ एवढं म्हणून भागत नाही, तारखा मोजा.

जीएसटीची आणखी एक तपासणी दोन मिनिटांत होते. पावतीवरचा पंधरा अक्षरी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून बघा. महाराष्ट्रातली नोंदणी २७ ने सुरू होते. क्रमांक नसेल, रद्द झालेला असेल किंवा भलत्याच व्यवसायाच्या नावावर निघाला, तर प्रश्न दराचा उरतच नाही, कारण नोंदणी नसलेल्याला ग्राहकाकडून हा कर घेताच येत नाही. त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. हॉटेलात काही महिने राहिला असाल, तर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. ती तारीख तुमच्या मुक्कामाच्या मध्ये येत असेल, तर बिलं दोन भागांत वेगळी करून बघा. हॉटेलच्या जेवणाच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप जोडलेला असेल तर तोही वेगळा काढा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो सक्तीने लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या.

वीज: सात महिन्यांत सबमीटरवर, म्हणजे खोलीच्या वेगळ्या मीटरवर, ४२० युनिट झाले. इमारतीच्या वीजबिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट केलं तर समजा ११ रुपये येतात. फरक ५ रुपये, म्हणजे २,१००. सरासरी काढताना स्थिर आकार, वीज शुल्क, वहन आकार सगळं धरून एकूण रकमेला भागायचं. पहिल्या शंभर युनिटांचा स्वस्त दर धरून हिशेब केला तर समोरचा वकील तो एका वाक्यात उडवतो, आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचा विश्वासही जातो. करारातच ‘युनिटला १६ रुपये’ असं लिहून तुम्ही सही केली असेल, तर हा मुद्दा कमजोर आहे. तो सोडून दिलेला बरा.

डिपॉझिट: पूर्वसूचना खरंच दिली नसेल, तर ८,००० मागू नका. अर्ध्या महिन्याचे पैसे अटीप्रमाणे कापले गेले, हे स्वतःहून लिहून टाका. आपल्या विरोधातली गोष्ट तक्रारदारानेच मान्य केलेली दिसली की आयोग पुढचा हिशेब वेगळ्या नजरेने वाचतो. रंगकामाचे ६,००० मात्र मागा, कारण सात महिन्यांच्या नेहमीच्या वापराने भिंत जेवढी मळते तिचा खर्च कापायची अट करारात नाही आणि कंत्राटदाराचं बिलही दाखवलेलं नाही.

एकूण मागणी: ७,५०० अधिक ५,९७५ अधिक २,१०० अधिक ६,००० बरोबर २१,५७५ रुपये.

प्रत्येक आकड्यापुढे कागदाचा क्रमांक लिहा: ‘भाडेफरक ७,५००, करार पान २ व यूपीआय नोंदी, दस्त क्र. १ आणि ४’. हे पान नोटिशीला जोडायचं, तक्रारीला जोडायचं आणि युक्तिवादाच्या दिवशी हातात ठेवायचं. तिन्ही ठिकाणी आकडे अक्षरशः तेच हवेत. नोटिशीत २५,०००, तक्रारीत ४०,००० आणि शपथपत्रात २१,५७५ असं झालं की उलट प्रश्न तुम्हालाच विचारले जातात.

हॉटेल आणि सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये आणखी एक प्रकार होतो. ९० दिवसांचं बुकिंग सवलतीच्या मासिक दराने झालेलं असतं, काही कारणाने तुम्ही साठाव्या दिवशी निघता आणि सगळा मुक्काम रोजच्या पूर्ण दराने पुन्हा मोजला जातो. बुकिंगच्या वेळी दाखवलेल्या अटींत ही गोष्ट होती का, एवढंच बघायचं. नव्हती, तर फरक परत मागा. बुकिंग अ‍ॅपवरून झालं आणि पैसेही अ‍ॅपने घेतले असतील, तर अ‍ॅपच्या कंपनीलाही विरुद्ध पक्ष करा. नाहीतर हॉटेल तिच्याकडे आणि ती हॉटेलकडे बोट दाखवत बसते.

निघायच्या दिवशी आणि त्याआधी

‘सगळा हिशेब पूर्ण झाला, माझी काही तक्रार नाही’ अशा छापील कागदावर सही मागितली जाते. ती दिल्याशिवाय उरलेलं डिपॉझिट मिळणार नसेल तर सही करा, पण सहीच्या वर हाताने लिहा: ‘हरकत राखून, कपात मान्य नाही’, आणि तारीख घाला. लिहू दिलं नाही, तर बाहेर पडल्यावर त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल करा की सही दबावाखाली घेतली आणि अमुक कपात मान्य नाही. त्याच दिवशी पाठवलेल्या चार ओळी जेवढं वजन ठेवतात, तेवढं महिन्याने पाठवलेली चार पानं ठेवत नाहीत. जादा पैसे यूपीआयने भरावे लागले तर शेऱ्याच्या जागी ‘हरकतीसह’ लिहा. ते बँकेच्या नोंदीत कायमचं राहतं. चुकीने किंवा दबावाखाली दिलेले पैसे परत करण्याचं बंधन भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७२ मध्ये आहे, आणि त्याचा आधार घ्यायला हा शेरा उपयोगी पडतो.

खोलीचा व्हिडिओ काढा: चारही भिंती, गादी, नळ, बाथरूम, शेवटी सबमीटरचं रीडिंग, एकाच सलग चित्रणात. राहायला गेलात त्या दिवशीचा असाच व्हिडिओ असेल तर सोन्याहून पिवळं. रोख पैसे दिले असतील तर पावती मागा. बिल किंवा पावती न देणं ही स्वतःच कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. ती देत नसतील, तर ‘आज १६,००० रोख दिले, पावती पाठवा’ असा संदेश टाका. उत्तर ‘ओके’ आलं तरी पावतीचं काम होतं.

व्हॉट्सअ‍ॅपचे संभाषण निवडक स्क्रीनशॉटपेक्षा ‘एक्स्पोर्ट’ करून पूर्ण ठेवा, आणि फोन बदलला तरी जुना फोन विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत, तो कोणत्या उपकरणातून कसा घेतला हे सांगणारं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांना दिवाणी कोर्टाइतकं घट्ट धरत नाही. तरीही प्रमाणपत्र जोडा. आक्षेप घ्यायला जागाच उरत नाही.

पोलिसांत जाण्यात वेळ घालवू नका. ‘दिवाणी बाब आहे’ असं सांगून ते परत पाठवतील. सामान किंवा मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवली असतील, धमकी दिली असेल, तरच ११२ ला फोन करा.

तक्रार नेमकी कोणाविरुद्ध

पाटीवरचं नाव म्हणजे कायद्याच्या नजरेतली व्यक्ती नसते. ‘अमुक गर्ल्स पीजी’ या नावाविरुद्ध आदेश मिळतो, पण वसुलीच्या वेळी त्या नावाचं बँक खातं नसतं, मालमत्ता नसते, आणि आदेश नुसता कागद होऊन बसतो. दाखल करतानाच ही चूक टाळता येते.

मालकाचं खरं नाव शोधायच्या जागा बऱ्याच आहेत. यूपीआयने पैसे गेल्यावर दिसलेलं खातेदाराचं नाव. जीएसटी पोर्टलवरचं ‘कायदेशीर नाव’, जे व्यापारी नावापेक्षा वेगळं असतं. भिंतीवर लावलेला दुकान परवाना, म्हणजे गुमास्ता. करारातलं नाव. आणि इमारतीचं वीजबिल. एकट्याचा धंदा असेल तर ‘अमुक तमुक, प्रोप्रायटर, अमुक पीजी’ असं लिहा. भागीदारी असेल तर फर्म आणि माहीत असलेले भागीदार, कंपनी असेल तर तिचा नोंदणीकृत पत्ता, जो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. इमारतीचा मालक एक आणि पीजी चालवणारा दुसरा असेल, तर ज्याने पैसे घेतले आणि सेवा दिली तो मुख्य विरुद्ध पक्ष. इमारतमालकाचा व्यवहाराशी संबंध नसेल तर त्याला ओढू नका. एक पक्ष वाढला की एक नोटीस आणि एक वकील वाढतो, आणि तारखाही त्या प्रमाणात.

राहण्याचे पैसे तुमच्या कंपनीने भरले असतील तर परताव्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न येतो. पगारातून कापून घेतले असतील तर त्या पगारचिठ्ठ्या जोडा.

नोटीस

कायद्याने नोटीस सक्तीची नाही, पण पाठवा. दहातली काही प्रकरणं इथेच मिटतात, आणि मिटली नाहीत तरी मागणी नाकारल्याची तारीख पक्की होते. एक पान पुरे. मजकूर साधारण असा:

‘मी आपल्या अमुक पत्त्यावरील निवासात दि. … पासून दि. … पर्यंत राहत होतो/होते. उभयतांत दरमहा १६,००० रुपये दर ठरला होता. आपण ठरलेल्या दरापेक्षा व देय नसलेल्या करापोटी सोबतच्या हिशेबाप्रमाणे एकूण २१,५७५ रुपये जादा घेतले/रोखून ठेवले आहेत. ही रक्कम नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत खालील खात्यात जमा करावी. तसे न केल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली आयोगाकडे दाद मागितली जाईल आणि त्याच्या खर्चाची व व्याजाची जबाबदारी आपली राहील.’

शिवीगाळ नाही, ‘तुमचा पीजी बंद पाडू’ नाही, ‘सोशल मीडियावर टाकू’ तर अजिबात नाही. असं वाक्य पुढे तुमच्याविरुद्ध वाचून दाखवलं जातं.

नोटीस ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाच, शिवाय टपालाने. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, तेव्हा स्पीड पोस्टने पोचीच्या पुराव्यासह पाठवा आणि ट्रॅकिंगचं पान छापून ठेवा, कारण काही काळाने ते दिसेनासं होतं. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत आलं तर ते फोडू नका. तसंच बंद पाकीट आयोगात हजर करायचं असतं.

याच पंधरा दिवसांत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवा. मराठीतही नोंदवता येते. मोठ्या साखळीची हॉटेलं आणि बुकिंग अ‍ॅप इथे बऱ्याचदा पैसे परत करतात. गल्लीतला पीजीमालक क्वचितच. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही आणि तिथली तक्रार मुदत थांबवत नाही, हे लक्षात ठेवा.

मुदत आहे दोन वर्षं, कलम ६९. ती वादाचं कारण घडल्यापासून मोजली जाते. मुक्काम संपल्यापासून मोजायचा मोह होतो. सुरक्षित मोजणी म्हणजे जादा रक्कम पहिल्यांदा घेतली त्या दिवसापासून. पत्रव्यवहार करत राहिल्याने मुदत वाढत नाही. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज शपथपत्रासह वेगळा द्यावा लागतो आणि त्यात कारण दिवसागणिक सांगावं लागतं.

दाखल करणं

जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतचं प्रकरण जातं, आणि ही रक्कम म्हणजे तुम्ही सेवेसाठी दिलेला मोबदला. मागितलेली भरपाई त्यात धरत नाहीत. उदाहरणात भाडे १,१९,५००, कर ५,९७५ आणि वीज ६,७२०, म्हणजे १,३२,१९५. पाच लाखांपर्यंत फी नाही. पाच ते दहा लाखांना २०० रुपये.

कुठल्या जिल्ह्यात? २०१९ च्या कायद्याने इथे मोठी सोय केली. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथेही तक्रार करता येते, कलम ३४. पुण्यात राहून शिक्षण संपवून लातूरला घरी गेलेली मुलगी लातूरच्या आयोगात तक्रार करू शकते. पुण्याच्या मालकाने तिथे यायचं. करारात ‘वाद फक्त पुण्याच्या न्यायालयात’ किंवा ‘लवादाकडे’ असं असलं तरी ग्राहकाचा आयोगाकडे जायचा हक्क जात नाही; लवादाच्या अटीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. सध्याच्या पत्त्याचा पुरावा मात्र जोडा.

ऑनलाइन दाखल करण्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे. जुनं ई-दाखिल त्यात सामावलं. संच असा लावा: अनुक्रमणिका, तारखांची यादी, पक्षकारांची नावं-पत्ते, तक्रार अर्ज, शपथपत्र, दस्तांची यादी आणि क्रमांक घातलेले दस्त. प्रत्येक पानावर पान क्रमांक आणि सही. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असं. निबंधक कार्यालय त्रुटी काढतं त्या बहुतेक याच बाबतीत असतात: शपथपत्रावर नोटरीचा शिक्का नाही, पानं उलटसुलट, विरुद्ध पक्षाचा पिनकोड नाही. दिलेल्या मुदतीत त्या दूर केल्या नाहीत तर तक्रार तिथेच अडकते. ऑनलाइन भरली तरी कागदी संच मागितले जाऊ शकतात, किती ते कार्यालयात फोन करून विचारा.

अर्जात मागणी मोजून लिहा: २१,५७५ रुपये परत, त्यावर रक्कम घेतल्यापासून ९ टक्के व्याज, मानसिक त्रासाची वाजवी भरपाई, तक्रारीचा खर्च. एकवीस हजारांच्या वादात पाच लाखांची भरपाई मागणं कायद्याने चुकत नाही, पण अर्ज वाचणाऱ्याचं मन बिघडवतं. आणखी एक बारकावा. ‘करारच अन्याय्य आहे, तो रद्द करा’ असं लिहू नका. अन्याय्य कराराची तक्रार राज्य आयोगाच्या कक्षेत जाते आणि विरुद्ध पक्षाला अधिकारक्षेत्राचा आयता आक्षेप मिळतो. तुमचं म्हणणं उलट आहे: करार आम्हाला मान्य, तुम्ही तो पाळला नाही.

मालकाकडेच असलेले कागद, म्हणजे इमारतीची वीजबिलं, पावतीपुस्तक, तुमच्या नावाने भरलेल्या कराचं विवरण, हजर करायला लावावेत असा वेगळा छोटा अर्ज सोबत द्या. आयोगाला त्यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कागद आले नाहीत तर ‘ते आणले असते तर आमचाच हिशेब खरा ठरला असता’ हा युक्तिवाद करता येतो.

तारखा

दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरायला हवं, आणि तुम्हाला ऐकल्याशिवाय तक्रार फेटाळता येत नाही. दाखल झाल्यावर नोटीस निघते. विरुद्ध पक्षाला लेखी जबाबासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. या ४५ दिवसांपुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवून दिलं. म्हणून नोटीस कधी बजावली गेली ती तारीख लिहून ठेवा, पंचेचाळिसाव्या दिवसानंतर आलेला जबाब घेऊ नये असा अर्ज त्याच तारखेला द्या. पुढच्या तारखेला दिलेला अर्ज बऱ्याचदा वाया जातो, कारण तोवर रोजनाम्यात, म्हणजे आयोगाच्या तारीखवार नोंदीत, जबाब ‘दाखल’ झालेला असतो.

मग क्रम असा: जबाब, तुमचं प्रत्युत्तर, दोघांची पुराव्याची शपथपत्रं, लेखी युक्तिवाद, तोंडी युक्तिवाद. वेगळं काही सांगायचं नसेल तर ‘तक्रार आणि शपथपत्र हाच पुरावा समजावा’ अशी पुरसीस, म्हणजे आयोगाला दिलेलं छोटं लेखी निवेदन, देता येते. एक तारीख वाचते. कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. गावाहून दर तारखेला येणं परवडत नसेल तर व्हिडिओद्वारे सुनावणीचा अर्ज कलम ३८ खाली करा. तारखेला कोणीच हजर नसेल तर तक्रार गैरहजेरीत निकाली निघू शकते, हे सगळ्यात वाईट.

मध्येच मालकाचा फोन येतो: ‘केस मागे घ्या, पैसे देतो.’ तडजोड चांगलीच, पण क्रम उलटा ठेवा. आधी रक्कम खात्यात, मग पुरसीस. हप्त्यांनी देणार असेल तर अटी लेखी करून आयोगापुढे नोंदवून घ्या, म्हणजे चुकल्यावर वसुली करता येते. आयोग मध्यस्थीकडे पाठवू म्हणाला तर होकार द्या. तिथे हिशेबाचं तेच एक पान टेबलावर ठेवा.

आदेशानंतर

आदेशाची पहिली प्रमाणित प्रत मोफत मिळते. ती लगेच तपासा: रक्कम, व्याज कोणत्या तारखेपासून, पैसे किती दिवसांत द्यायचे. बेरजेत किंवा तारखेत उघड चूक असेल तर ३० दिवसांत त्याच आयोगाकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. विरुद्ध पक्षाला राज्य आयोगात अपिलासाठी ४५ दिवस असतात आणि त्याआधी आदेशातली निम्मी रक्कम भरावी लागते. एवढ्या छोट्या रकमांत त्यामुळे अपील कमी होतात.

आदेशातली मुदत उलटूनही पैसे आले नाहीत तर कलम ७१ खाली दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, करा. ती दिवाणी हुकूमनाम्यासारखी चालते, बँक खातं जप्त करता येतं. तुम्ही ज्या यूपीआय आयडीवर किंवा खात्यात महिन्याचे पैसे भरत होतात, त्याचा तपशील इथे लागतो. म्हणून त्या नोंदी सुरुवातीलाच जपून ठेवायच्या. सोबत कलम ७२ चा अर्जही करता येतो. आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. या कलमाचं समन्स गेलं की वर्षभर फोन न उचलणारे मालक स्वतः धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) घेऊन येतात. धनाकर्ष वटून खात्यात रक्कम दिसेपर्यंत थांबा, व्याज त्या दिवसापर्यंतचं मोजून घ्या, आणि मगच पूर्ण वसुलीची पुरसीस द्या.